कमळकुंडातला फेस पुसू नका

आमच्या गृहसंकुलाच्या बागेत एक कमळकुंड आहे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, गुडघाभर खोल. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि तीन दिवसांनी जिन्याखालच्या फलकावर सूचना लागली. कुंडात चिकट घाण आणि फेस दिसतो आहे, त्यामुळे डास वाढतील, म्हणून रविवारी कुंड उपसून ब्लीचिंग पावडरने धुतले जाईल आणि नंतर त्यात गप्पी मासे सोडले जातील, असा तिचा आशय होता. रविवारी सकाळी मी खाली पोहोचेपर्यंत काम उरकले होते. कमळाच्या देठांभोवती दोन दिवसांपूर्वी गुंडाळलेल्या काळ्या मण्यांच्या माळा गटाराच्या जाळीवर पडल्या होत्या. कुंडाच्या कडेवरचा पांढरा फेस खराट्याने खरवडून काढलेला होता.

सूचना लिहिणारी माणसे वाईट नाहीत. त्यांतल्या एकांच्या घरी आदल्या पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला होता. त्यांची भीती मला कळते. पण भीती खरी असली म्हणून तिच्यावर शोधलेला उपायही बरोबर असतो, असे नाही. शिवाय हे आमच्या एका संकुलापुरते राहिलेले नाही. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, जिथे म्हणून बागेत शोभेचे पाणी आहे तिथे दर जूनला हाच खराटा आणि हीच पावडर बाहेर येते. म्हणून त्या सूचनेतला आणि नंतर संकुलाच्या समितीच्या बैठकीत ऐकलेला एकेक मुद्दा घेऊन मी उत्तर देतो आहे.

पहिला शब्द ‘घाण’. कुंडात काय होते ते आधी नीट पाहू. देठांभोवतीच्या त्या दुहेरी माळा भेकाच्या होत्या. भेक म्हणजे अंगावर फोडी असलेला, रात्री दिव्याखाली किडे टिपत बसणारा तो तपकिरी, बोजड प्राणी. त्याची मादी जेलीच्या लांब दोऱ्यांत ओवलेली काळी अंडी घालते. जेली कुजलेली नसते. ती अंड्याभोवतीचे पांघरूण असते, पाण्यात पडल्यावर फुगते आणि आतल्या जिवाला धक्क्यापासून जपते. कडेवरचा फेस झाडबेडकाचा होता. कोकणात आणि मुंबईत न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला, लांब बोटांचा, फिकट तपकिरी बेडूक पुष्कळांनी पाहिला असेल, तोच हा. त्याची मादी अंडी घालताना स्राव बाहेर टाकते आणि मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. फेस वरून वाळतो, आत ओला राहतो. काही दिवसांनी तो सैल पडतो आणि आतले बेडूकमासे थेट खालच्या पाण्यात टपकतात. म्हणून तर तो पाण्याच्या वर बांधलेला असतो. पाण्यावर कधीकधी तेलाच्या तवंगासारखा अंड्यांचा एकेरी थर दिसतो, तो नखाएवढ्या छोट्या बेडकाचा. यातले काहीही हाताला रोग लावत नाही. बेडकाला शिवल्याने चामखीळ येते ही समजूतही खोटी आहे, चामखीळ विषाणूमुळे येते. भेकाच्या कातडीतला स्राव मात्र दाहक असतो. त्याला हाताळले तर हात धुवावेत, आणि कुत्र्याला तो तोंडात धरू देऊ नये. इतकी काळजी पुरते.

आता डास. सगळी भीती इथे आहे, म्हणून इथे जास्त थांबतो.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास घराचा डास आहे. त्याला साठवलेले, स्वच्छ, थोडे पाणी लागते: कूलरची टाकी, पिंप, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, कुंडीखालची ताटली, फुलदाणी. त्याची मादी अंडी पाण्यात घालत नाही, भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटवते. ती अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते ते याच हिशेबाने. आणि हा डास जन्मल्या जागेपासून फार लांब उडत जात नाही. ज्याच्या घरात तो चावतो, त्याच्या घरात किंवा शेजारी तो जन्मलेला असतो.

ज्या रविवारी कुंड धुतले, त्याच संध्याकाळी मी आमच्या जिन्यातल्या शेजाऱ्यांच्या परवानगीने गॅलऱ्या पाहिल्या. चार ताटल्यांमध्ये अळ्या वळवळत होत्या. एक ताटली माझ्या स्वतःच्या तुळशीखालची होती. कुंडावर जेवढा वेळ आणि पावडर खर्च झाली, तेवढी मेहनत या ताटल्यांवर झाली असती तर डेंग्यू होऊन गेलेल्या त्या घराला खरा उपयोग झाला असता.

‘पण कुंडातही अळ्या होऊ शकतात ना?’ होऊ शकतात. मी ते नाकारत नाही. इतर जातींचे डास साचलेल्या उघड्या पाण्यात अंडी घालतात. पण मग प्रश्न असा की कोणत्या कुंडात? जिवंत कुंडात चतुर आणि टाचण्यांची पिल्ले असतात. ती कित्येक आठवडे, काही तर महिनोन्महिने पाण्याखाली राहतात आणि डासांच्या अळ्या खातात. पाठीवर उलटे पोहणारे पाणकिडे असतात, पाणभुंगेरे असतात, पृष्ठभागावर निवळ्या असतात. या सगळ्यांचा तिथे रोजचा शिधा म्हणजे अळ्या. ब्लीचिंग पावडर टाकली की हे सगळे मरतात. क्लोरीन उन्हात काही दिवसांत उडून जाते आणि मग उरते शत्रू नसलेले पाणी. त्या पाण्यात सगळ्यांत आधी कोण पोहोचतो? डास. त्याला काही दिवस लागतात. चतुराला परत येऊन, अंडी घालून, पिल्ले शिकार करण्याइतकी मोठी व्हायला आठवडे नि महिने लागतात. मधला सगळा काळ डासाचा. दर महिन्याला कुंड धुणारे लोक डासांना दर महिन्याला नवे, निर्धोक घर बांधून देतात.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. बेडूकमासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून ते वाचवा, असा प्रचार प्राणिप्रेमी मंडळी करतात. हे सरसकट खरे नाही. आपल्याकडच्या बहुतेक बेडकांची पिल्ले, शाळेच्या पुस्तकात ज्यांना भैकेर म्हटले जाते ती, शेवाळ आणि कुजकी पाने-देठ खरवडून खातात. मोठ्या पिवळ्या बेडकाची पिल्ले मांसाहारी असतात आणि अळ्याच काय, दुसऱ्या बेडूकमाशांनाही सोडत नाहीत, पण ती अपवाद आहेत. खोट्या उपयोगाच्या जोरावर बेडूक वाचवायला गेलो तर उद्या कोणीतरी ते खोटे दाखवून देईल आणि बेडूकही जाईल. बेडूकमासे शेवाळ खाऊन ते आटोक्यात ठेवतात, ते स्वतः चतुराच्या पिल्लांचे आणि खंड्याचे अन्न होतात, आणि मोठे झाल्यावर बागेतले किडे खातात. एवढे खरे पुरेसे आहे.

मग गप्पी. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली आपण वाचली आहे. ती ज्या जागांसाठी होती तिथे मी तिच्या विरोधात नाही. बंद पडलेल्या इमारतीतली टाकी, बांधकामावरचा हौद, वापरात नसलेली आणि ओढ्याला न जोडलेली सिमेंटची टाकी, अशा जागी गप्पीने काम केले आहे. पण गप्पी हा दक्षिण अमेरिकेकडचा मासा आहे. त्याचा जोडीदार गांबुसिया आपल्याकडे 1928 मध्ये इटलीहून आणला गेला, आणि आज त्याचे नाव जगातल्या सर्वाधिक उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत आहे. हे मासे अळी आणि बेडकाचे पिल्लू असा भेद करत नाहीत. नुकते फुटलेले बेडूकमासे, चतुराची लहान पिल्ले, तोंडात मावेल ते सगळे खातात. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते आणि दर महिन्याला देते. चार मासे सोडले तर पावसाळा संपेपर्यंत कुंड त्यांचे होते. जुलैत एका रात्री कुंड भरून वाहते, पाणी गटारात, गटार ओढ्यात, ओढा नदीत. शहरी ओढ्यांत आज जे गप्पी दिसतात त्यांतले काही असेच कोणाच्या तरी टाकीतून आलेले असावेत.

आपल्याकडच्या बेडकांच्या बाबतीत हा मुद्दा जास्तच गंभीर आहे. यांतल्या कित्येक जाती मुद्दाम पावसाने नव्याने भरलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात अंडी घालतात. भरलेले तळे सोडून डबके निवडण्यामागे हजारो वर्षांचा शहाणपणा आहे. डबक्यात मासा नसतो. तिथे आपण हाताने मासा नेऊन सोडतो.

अळ्यांची शंका असेल तर ती तपासायची साधी रीत आहे आणि आरोग्य कर्मचारी तीच वापरतात. पांढरा मग घ्या, कुंडाच्या कडेने पाच-दहा ठिकाणी तो हळूच बुडवून पाणी काढा आणि उजेडात पाहा. डासाची अळी बहुधा पृष्ठभागाला शेपटीकडून लटकते आणि धक्का लागताच झटके देत खाली जाते. बेडूकमासा गोल डोक्याचा आणि लांब शेपटीचा असतो. दोन्ही एकदा शेजारीशेजारी पाहिले की आयुष्यात पुन्हा गल्लत होत नाही. अळ्या खरेच असतील तर डासांच्या अळ्यांवरच मुख्यतः काम करणारे, जिवाणूपासून बनवलेले औषध मिळते. पालिकेच्या हिवताप विभागाकडे त्याची मागणी करा. जळके तेल, फिनेल, ब्लीच यांची गरज नाही.

बैठकीत पुढचा आक्षेप सापांचा निघाला. बेडूक आले की साप येतात. हे अर्धे खरे आहे. दिवड आणि धामण बेडूक खातात, आणि दोन्ही बिनविषारी आहेत. नागही भेक खातो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नाग वस्तीत येतो तो मुख्यतः उंदरांमागे, आणि उंदीर येतात ते कचऱ्यामागे. आमच्या संकुलात ओल्या कचऱ्याचे डबे उघडे असतात, भिंतीलगत राडारोडा पडलेला आहे. त्याबद्दल कोणी सूचना लावली नाही. कचरा झाकणे, राडारोडा हलवणे, भिंतीतली बिळे बुजवणे, रात्री बागेत जाताना विजेरी घेणे, हे सापांवरचे उपाय आहेत. कुंड उपसून साप कमी झाल्याचे मी कुठे पाहिलेले नाही.

आवाजाची तक्रारही होती. नर डराव डराव करतात ते मोठ्या पावसानंतरच्या रात्रींना, मादीला बोलावण्यासाठी. पिवळ्या बेडकाचा तर सोहळा थोड्याच रात्रींचा असतो: एरवी मळकट हिरवा असणारा नर लिंबासारखा पिवळा होतो, गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. वर्षातल्या त्या थोड्या रात्री खिडकी लावून झोपावे, एवढीच माझी विनंती आहे.

आता एका वेगळ्या गटाबद्दल. यांच्याशी वाद घालणे मला जास्त जड जाते, कारण ही माणसे प्रेमाने चुकतात. कुंड धुणार हे कळल्यावर एक ताई अंडी बादलीत घालून तलावात सोडायला निघाल्या होत्या. एका वडिलांनी मुलाला जीवनचक्र दाखवायला बरणी भरून नेली. दोन्ही गोष्टी करू नयेत, असे माझे मत आहे.

तलावात सोडलेली अंडी वाचत नाहीत. तिथे तिलापिया मासे आहेत, गांबुसिया आहेत, आणि मुळात ती अंडी त्या पाण्यासाठी घातलेली नव्हती. त्याहून मोठा धोका रोगाचा. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते आणि जगभरात तिने कित्येक जाती संपवल्या आहेत. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्येही तिचा संसर्ग आढळल्याचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एका पाण्यातली अंडी, वनस्पती, मासे दुसऱ्या पाण्यात नेताना आपण न दिसणारे असे काय काय सोबत नेतो, ते कळत नाही. इंग्लंडमध्ये शेतांतली तळी बुजत गेल्यावर घरामागच्या बागांतली छोटी तळीच तिथल्या साध्या बेडकाचा मोठा आधार बनली. तिथे 1980 च्या दशकापासून रानाव्हायरस या विषाणूने बागेच्या तळ्यांतले बेडूक शेकड्यांनी मेले. म्हणून तिथल्या वन्यजीव संस्था आता लोकांना स्पष्ट सांगतात की शेजाऱ्याच्या तळ्यातली अंडीसुद्धा आपल्या तळ्यात आणू नका. पाणी चांगले असेल तर बेडूक स्वतः येतील. ही सूचना आपण जशीच्या तशी घ्यावी.

आणि बरणी? नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, खिडकीत बरणी तापते, खायला टाकलेले पावाचे तुकडे कुजतात, आणि मुलगा जे पाहतो ते जीवनचक्र नसते, आठवड्याने तरंगणारी मेलेली पिल्ले असतात. मुलाला कुंडापाशी न्या. रोज पाच मिनिटे. मागचे पाय आधी फुटतात, पुढचे नंतर, शेपूट हळूहळू आत ओढली जाते. जातीप्रमाणे महिना-दोन महिन्यांत हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर घडेल आणि शेवटी बेडूक उडी मारून गवतात जाईल.

‘हजारो अंडी घालतात, थोडी गेली तर काय बिघडते?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला. हजारो अंडी घालावी लागतात कारण हजारांतली फार थोडी मोठी होतात. जी जातात ती चतुराच्या, पाणकिड्याच्या, बगळ्याच्या, दिवडाच्या पोटात जातात, आणि त्यातून बाग उभी राहते. ब्लीचने गेलेली कोणाच्याच पोटात जात नाहीत. शिवाय निसर्ग ‘थोडी’ घेतो. धुतलेले कुंड सगळी घेते, आणि एखाद्या वस्तीत तेवढे एकच पाणी असेल तर त्या वर्षीची सगळी पिढी घेते.

तेवढे एकच पाणी. आजच्या शहरात हे अक्षरशः खरे आहे. पुण्याच्या हिंजवडी, बाणेर, वाघोली या भागांत तीस वर्षांपूर्वी शेते, ओढे, विहिरी आणि पावसाने साचणारी डबकी होती. ओढे पाइपात गेले, विहिरी बुजल्या, उरलेल्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक बसले. बेडूक मात्र त्याच जमिनीत होता, कारण तो उन्हाळाभर मातीत दडून राहतो. पहिला पाऊस पडला की तो वर येतो आणि पाणी शोधतो. त्याला जे सापडते ते आमचे आठ बाय पाचचे कुंड. आपण त्याला पाहुणा किंवा घुसखोर समजतो. जमिनीच्या हिशेबाने पाहिले तर तो आपल्या आधीचा रहिवासी आहे.

आणि या प्राण्याची बाजू घेणे ही आजची नवी हौस नव्हे. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांसाठी टनावारी जात होत्या. मुंबईचे हुमायून अब्दुलअली, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे जुने कार्यकर्ते, यांनी त्याविरुद्ध 1980 च्या दशकात लिहिले, आकडे मांडले. 1987 मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. शेतातले कीटक खाणारा प्राणी विकून कीटकनाशक विकत घेण्यातला तोटा तेव्हा धोरण ठरवणाऱ्यांना पटला. गोव्यात ‘जंपिंग चिकन’च्या नावाखाली पावसाळ्यात बेडूक पकडले जातात, ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि वनखाते त्यासाठी गस्त घालते. तंगडी तोडणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो. बादलीभर अंडी गटारात ओतणाऱ्याचे काय, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. 2023 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या 41 टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले. पृष्ठवंशी प्राण्यांत इतकी वाईट अवस्था दुसऱ्या कोणत्याही वर्गाची नाही.

पाऊस लांबला की आपल्या खेड्यांत आजही धोंडी मागतात, कुठे बेडकांची लग्ने लावतात. या प्राण्याचे आणि पावसाचे नाते आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते नाते पाऊस येण्यापूर्वी आठवते, तसे पाऊस आल्यानंतरच्या रविवारीही आठवावे.

ज्यांच्या घरी, संकुलात, शाळेत किंवा शेतघरात असे कुंड आहे त्यांना माझी मागणी मोठी नाही. कुंड धुवायचे तर एप्रिलमध्ये धुवा, आणि तेव्हाही तळाचा थोडा गाळ आणि थोडे जुने पाणी ठेवा. पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत त्याला हात लावू नका. कारंज्याच्या पंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर पिल्ले ओढली जातात. कडेच्या झाडांवर औषध फवारू नका. मासे सोडू नका. दर रविवारी पांढरा मग बुडवून पाहा, आणि त्याच फेरीत आपापल्या गॅलरीतल्या ताटल्या घासा. समितीच्या बैठकीत हे मांडा, आणि जूनच्या आधी मांडा. फलकावर सूचना लागल्यावर वेळ उरत नाही.

आणि कुंडाच्या एका कोपऱ्यात पाण्यातून काठापर्यंत पायरीसारख्या दोन-तीन विटा रचा. भेकाचे पिल्लू पाण्यातून बाहेर पडते तेव्हा करंगळीच्या नखाएवढे असते. सिमेंटची सहा इंचांची गुळगुळीत भिंत त्याला चढता येत नाही.